मोतीबिंदूची जाहिरात घरभर का फिरते, आणि फुकट साइटचं पोट कशावर चालतं

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी आपल्या फोनवर एका मराठी साइटवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दलचा लेख वाचला. दोन दिवसांत त्यांच्या फोनवर डोळ्यांच्या दवाखान्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, मग थोरल्या मुलीच्या लॅपटॉपवर, मग धाकटीच्या फोनवरही. धाकटीचं म्हणणं, फोन आपलं बोलणं ऐकतो. थोरल्या ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: ही बातमी फोडली कुणी? साइट उघडताच कुकीची परवानगी मागणारी पाटी येते, तिच्यातल्या ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ यातलं कुठलं बटण दाबायचं? आणि सगळंच ब्लॉक केलं तर फुकट वाचायला मिळणाऱ्या मराठी साइट बंद पडतील का?

मी सतरा-अठरा वर्षं या धंद्याच्या आतल्या बाजूला काढली आहेत. साइटवर जाहिरातींच्या जागा आखायच्या, टॅग (म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचे कोडचे तुकडे) टाकायचे, महिनाअखेरीला आलेल्या पैशांचा हिशेब जुळवायचा. म्हणजे तुमच्या वडिलांची बातमी ज्या नळातून वाहिली, तसले नळ बसवणाऱ्यांपैकी मीही एक. तेव्हा जरा लांबलचक लिहितो.

मायक्रोफोनचं आधी निकालात काढू. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज टिपून बाहेर धाडणारं एकही त्यांना आढळलं नाही. (काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रीकरण करून पाठवताना मात्र सापडली.) आणि खरं सांगायचं तर ऐकायची गरजच नाही. घरातलं बोलणं चोवीस तास ऐकायचं, त्यातलं मराठी उकलायचं, टीव्हीवरची मालिका आणि वडिलांचा आवाज वेगळा काढायचा, एवढा खर्च कोण करील? वडिलांनी लेख उघडला त्या क्षणी पानाने स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं.

कसं, ते पाहा. ब्राउझर पान उघडतो तेव्हा लेख एका ठिकाणाहून येतो, पण त्याच पानातल्या छोट्या छोट्या कोडच्या तुकड्यांमुळे तो आणखी अनेक कंपन्यांची दारं वाजवतो. एक वाचक मोजणारी, एक जाहिरात आणणारी, एक फेसबुकचं बटण दाखवणारी. प्रत्येक दाराशी वाचकाचा इंटरनेट पत्ता, फोनचं मॉडेल, आणि त्या कंपनीने पूर्वी कधी ठेवून दिलेली कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये जपलेली ओळखीची छोटी चिठ्ठी, पोचते. कुकीचा जन्म १९९४ चा. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ती काढली ती दुकानाला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. नाहीतर पान बदललं की टोपली रिकामी. पण पानात दुसऱ्याचं चित्र बसवता येत होतं, आणि त्या दुसऱ्यालाही स्वतःची कुकी ठेवता येत होती. शंभर साइटवर एकाच कंपनीचं चित्र असलं, की शंभर दुकानांत एकच माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसल्यासारखं झालं. हा धोका तेव्हाही दिसत होता. १९९७ मध्ये कुकीसाठी जो पहिला मानक दस्तऐवज निघाला त्यात अशा परक्या कुकी मुळात बंद ठेवाव्यात असंच सुचवलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी ते मनावर घेतलं नाही. पहिली बॅनर जाहिरातही १९९४ चीच, ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या साइटवर लागलेली. कुकी आणि जाहिरात एकाच वर्षी जन्मल्या आणि दोघींचं लग्न लागायला फार वेळ लागला नाही.

आता पानावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव. हा भाग नीट समजला की बाकीचं आपोआप समजतं.

वडिलांच्या स्क्रीनवर लेखाच्या मधोमध एक रिकामा चौकोन असतो. तो पान उघडल्यावर विकला जातो, आणि त्यासाठी साधारण सेकंदाचा दहावा भाग मिळतो. साइटचं जाहिरात-यंत्र बाजारात हाळी देतं: एक वाचक आला आहे, अमुक बनावटीचा फोन, अमुक शहराच्या आसपास, अमुक ओळखक्रमांक, आणि सध्या वाचतोय ते पान हे. पानाच्या पत्त्यातच ‘मोतीबिंदू-ऑपरेशन’ लिहिलेलं असतं. ही हाळी डझनावारी खरेदीदारांच्या यंत्रांकडे जाते, ते आपापली वही उघडून हा ओळखक्रमांक ओळखीचा आहे का बघतात, बोली लावतात, एक जिंकतो. वडिलांना जाहिरात दिसते.

लासलगावच्या मार्केट यार्डात लिलाव हरलेला व्यापारी रिकाम्या हाताने परततो. इथे हरलेला व्यापारी रिकाम्या हाताने जात नाही. कांदा कुणाचा, कुठल्या वाडीतला, किती दिवसांनी पुन्हा येईल, एवढं सगळं तो लिहून घेऊन जातो, एक पैसाही न देता. नियमाने ते वापरायला मनाई असते, पण कोण वापरतं कोण नाही हे तपासणारा यार्डात कुणी नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं मूळ दुखणं हेच आहे. जिंकलेल्या जाहिरातीवर लोक चिडतात, कारण ती दिसते. न दिसलेल्या बोलीदारांवर चिडायला कुणाला सुचतच नाही.

इथे एक बारीक गोष्ट. एखाद्याच्या आजारावरून त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवायला गूगलच्या जाहिरात-नियमांत बंदी आहे. फेसबुकवाल्या मेटानेही जानेवारी २०२२ पासून आजारांच्या विषयांवरून माणसं निवडायची सोय जाहिरातदारांकडून काढून घेतली. तरी मोतीबिंदू मागे लागला, तो बहुधा पुढच्या पायरीवर. वडील लेखातून एखाद्या दवाखान्याच्या पानावर गेले असणार, ‘खर्च किती’ हे पाहायला. तिथे दवाखान्याने लावलेला पिक्सेल असतो, म्हणजे डोळ्याला न दिसणारा कोडचा ठिपका. त्याचं काम एवढंच की इथे येऊन गेलेल्यांना पुढे पुन्हा गाठायचं. आणि कडक नियम नसलेली, जाहिराती पुरवणारी छोटी नेटवर्कं पुष्कळ आहेत.

मुलींच्या स्क्रीनवर कसं आलं? घरातल्या वायफायमुळे. त्याला जोडलेली सगळी उपकरणं बाहेरून एकाच इंटरनेट पत्त्यावरून आलेली दिसतात, आणि रोज रात्री एकाच पत्त्यावर दिसणारी उपकरणं म्हणजे एक कुटुंब असा अंदाज या कंपन्या बांधतात. शिवाय बऱ्याच घरांत टीव्हीवर, वडिलांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर एकच गूगल खातं चालू असतं, मग अंदाजाचीही गरज राहत नाही. अंदाज चुकतोही बरं का. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा मोतीबिंदूही तुमच्या खात्यात जमा होऊ शकतो.

आता आमच्या बाजूची कबुली. लोकांना वाटतं, साइटवाल्यांनी विचारपूर्वक पाळत ठेवलेली असते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी निव्वळ गबाळेपणा होता. काही वर्षांपूर्वी आरोग्याची माहिती देणाऱ्या एका साइटचं काम माझ्याकडे आलं. टॅग मॅनेजर, म्हणजे साइटचे सगळे टॅग जिथून सांभाळतात ते साधन, उघडला तर आत माळ्यावरच्या ट्रंकेसारखी अवस्था. तीन टॅग अशा कंपन्यांचे की ज्यांच्याशी करार केव्हाच संपला होता. काढले का नाहीत? तर काढल्यावर काही बिघडलं तर कुणाच्या माथी, म्हणून. त्याहून वाईट म्हणजे तिथे ‘डॉक्टरांना विचारा’ असा फॉर्म होता. तो भरला की जे आभाराचं पान उघडायचं, त्याच्या पत्त्यात वाचकाचा ईमेल आणि आजाराचं नाव दोन्ही उघड्यावर. आणि पानावरचा प्रत्येक टॅग तो अख्खा पत्ता वाचून आपापल्या मालकाला कळवत होता, त्यात ते करार संपलेलेही आले. यात कुणाचाही दुष्ट हेतू नव्हता. फॉर्म लिहिणाऱ्या मुलाला टॅग माहीत नव्हते, टॅग लावणाऱ्याने फॉर्म कधी भरून पाहिला नव्हता. आम्ही फॉर्म बदलला, जुने टॅग काढले, कंपन्यांना माहिती पुसा म्हणून पत्रं लिहिली. एकीचंच उत्तर आलं.

तेव्हापासून कुठल्याही साइटचं काम घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: यातला कुठला टॅग गेल्या सहा महिन्यांत कुणाच्या तरी उपयोगाला आला? बहुतेकांचं उत्तर दोन-तीन नावांपलीकडे जात नाही.

आता पैशांचं, कारण ताईंच्या तिसऱ्या प्रश्नात अपराधीपणाचा सूर आहे आणि तो मला घालवायचा आहे.

समजा, हजार जाहिराती दाखवल्यावर साइटला वीस रुपये मिळतात. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरलाय. म्हणजे एका जाहिरातीचे दोन पैसे. वडिलांनी लेख वाचता वाचता चार जाहिराती पाहिल्या, आठ पैसे झाले. मराठी पानांचा दर इंग्रजी पानांपेक्षा कमीच पडतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. जाहिरातदार मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला इंग्रजीतूनही गाठू शकतो असं धरून चालतो. गूगलच्या ॲडसेन्समध्ये, म्हणजे साइटना जाहिराती पुरवणाऱ्या सेवेत, हिंदी पानांना २०१४ च्या अखेरीस जागा मिळाली, मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षं थांबावं लागलं. तोवर कित्येक मराठी साइटवाले जाहिरात लागावी म्हणून पानावर इंग्रजी मजकुराची ठिगळं लावत असत.

आणि त्या वीस रुपयांसाठी जाहिरातदाराने किती मोजले होते? बाजार समितीत शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. तोलाई किती, हमाली किती, कटकट असली तरी ते कागदावर असतं. आमच्याकडे पट्टीच नाही. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण कंपनीकडून हा माग काढून घेतला, अहवाल २०२० मध्ये आला. जाहिरातदाराच्या खिशातून निघालेल्या रकमेपैकी साइटपर्यंत ५१ टक्के पोचत होते. मधल्यांची आडत वजा केल्यावरही १५ टक्के कुठे गेले ते लेखापरीक्षकांना सापडेना. २०२३ च्या दुसऱ्या पाहणीत सुधारणा दिसली, साइटचा वाटा ६५ टक्के आणि बेपत्ता रक्कम ३ टक्के. पण हे मोठमोठ्या ब्रिटिश जाहिरातदारांचं आणि नावाजलेल्या प्रकाशकांचं, ज्यांच्याकडे हिशेब विचारायला माणसं आहेत. सांगलीत बसून एकटा साइट चालवणारा कुणाला विचारणार?

मग पाळतीमुळे साइटला जास्त पैसे मिळतात की नाही? यावर दोन अभ्यास एकमेकांच्या तोंडावर उभे आहेत, दोन्ही २०१९ चे. गूगलने आपल्या मोठ्या प्रकाशकांवर चाचणी केली तर कुकीशिवाय सरासरी उत्पन्न ५२ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने एका मोठ्या माध्यमसमूहाचे लाखो व्यवहार तपासले तर कुकीमुळे साइटला मिळालेली वाढ निघाली अवघी ४ टक्के, म्हणजे एका जाहिरातीमागे डॉलरचा ०.००००८ इतका भाग. गूगलचा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. बाजारात काही वाचकांची कुंडली हातात आहे आणि काहींची नाही, अशी स्थिती असली की जाहिरातदार साहजिकच कुंडलीवाल्यांकडे पैसे वळवतो, उरलेल्यांचा भाव पडतो. कुणाचीच कुंडली नसती तर तो पैसा कुठे जाणार होता? साबण तर विकायचेच आहेत. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारकाने जानेवारी २०२० पासून कुकीवर आधारलेल्या जाहिराती बंद केल्या आणि नुसत्या कार्यक्रमाच्या विषयावरून जाहिराती लावल्या. पहिल्या महिन्यांत त्यांचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा वाढलं. मधले दलाल गेले हे त्याचं एक मोठं कारण. अर्थात तो देशातला बडा प्रसारक, स्वतःची विक्रीची माणसं असलेला. छोट्या साइटला हे जसंच्या तसं जमेल असं मी म्हणणार नाही.

आपल्याला ही कल्पना नवी वाटायचं खरं तर कारण नाही. दिवाळी अंक इतकी वर्षं कशावर निघतात? सराफ, बँका, मसाले, बांधकामवाले. सराफाला एवढंच ठाऊक असतं की हा अंक घेणारं घर मराठी वाचतं आणि दिवाळीत खरेदी करतं. अंकाचं कुठलं पान तुम्ही किती वेळ उघडं ठेवलंत, उशीखाली घेऊन झोपलात का, हे त्याला कळत नाही आणि त्यावाचून त्याचं अडलेलंही नाही. माझ्या ओळखीच्या एका पाककृतींच्या साइटने ॲड नेटवर्क काढून टाकून एका मसालेवाल्याला महिन्याच्या ठरीव भाड्याने वरची पट्टी दिली. पैसे आधीइतकेच येतात, पान मात्र झटक्यात उघडतं, आणि पुरणपोळीच्या शेजारी ‘पोटाची चरबी जाळा’ दिसत नाही.

तेव्हा जाहिरात आणि पाळत या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. साइटचं पोट जाहिरातीवर चालतं. पाळतीचा मलिदा बराचसा मधल्या लोकांकडे जातो. पाळत बंद करून जाहिराती चालू ठेवल्यात तर तुम्ही मराठी साइटच्या पोटावर पाय दिलात असं मी तरी मानत नाही.

बटणांकडे येऊ. ‘स्वीकारा’ची पाटी युरोपातून आली. कुकीबद्दलचा तिथला कायदा जुना, पण मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाल्यावर तिचा सुळसुळाट झाला. ‘स्वीकारा’ ठसठशीत आणि ‘नाकारा’ तीन पानं आत, ही चलाखी मात्र कायद्याने सांगितलेली नव्हती. त्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, तेव्हा कुठे ‘सगळं नाकारा’ बटण दर्शनी भागात आलं. दिसेल तिथे ‘नाकारा’ दाबा. लेख बहुतेक ठिकाणी तसाच वाचता येतो. ‘वैध हितसंबंध’ (म्हणजे संमती न घेताही माहिती वापरायचा कंपनीचा दावा) नावाचं एक दुसरं पान कधी कधी मागे लपलेलं असतं, तेही बंद करा. सगळ्या साइट नकार प्रामाणिकपणे पाळतात का? नाही. म्हणून बटणावर विसंबू नका, खाली सांगतो ते ब्राउझरचं काम आधी करा.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्यात मला आवडलेली तरतूद अशी की संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. त्या मराठी सूचनेची भाषा सातबाराच्या उताऱ्यासारखी नसली म्हणजे मिळवली.

आता हातात फोन घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथे ‘जाहिरात आयडी हटवा’. (नव्या फोनमध्ये ते गोपनीयतेच्या भागातही सापडतं.) ॲप ज्या क्रमांकावरून वडिलांना ओळखतात तो यामुळे जातो. आयफोन असेल तर एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्याआधी विचारावं लागतं. तिथे सरळ नाही म्हणा. मेटाने या एका प्रश्नामुळे २०२२ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसेल असं गुंतवणूकदारांना सांगितलं होतं, यावरून ‘नाही’ची किंमत कळावी.

ब्राउझरमध्ये सफारीने २०२० पासून परक्या कुकी पूर्ण बंद केल्या आहेत, फायरफॉक्सही माग काढणाऱ्यांना मुळातच अडवतो. क्रोमचं वेगळं. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत परक्या कुकी काढू असं जाहीर केलं, मग तारीख पुढे, मग आणखी पुढे, आणि शेवटी २०२५ मध्ये तो बेतच गुंडाळला. म्हणून क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘तृतीय-पक्ष कुकी’ (म्हणजे याच परक्या कुकी) स्वतः बंद कराव्या लागतात. दोन मिनिटांचं काम आहे. बँकेची एखादी साइट रुसली तर तेवढ्यापुरती सूट देता येते. गूगल खात्यातल्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिरातीही बंद करून टाका. इन्कॉग्निटोच्या, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीच्या, भरवशावर राहू नका. ते घरच्यांपासून इतिहास लपवतं, साइटपासून तुम्हाला लपवत नाही. याच गैरसमजावरून गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांना साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं.

ॲड ब्लॉकर वापरायचा तर यूब्लॉक ओरिजिन चांगला, मी स्वतः फायरफॉक्समध्ये तोच वापरतो. ज्या चार-पाच मराठी साइट मी रोज वाचतो त्यांना त्यात सूट दिलेली आहे. परक्या कुकी तरीही बंदच असतात.

हे सगळं केल्यावरही मोतीबिंदू थोडे दिवस दिसेल, कारण दवाखान्यांच्या याद्यांमध्ये जुनी नोंद काही काळ राहते. पण वडिलांच्या फोनमध्ये याहून तातडीचं एक काम असणार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सूचना’ उघडा आणि कुठकुठल्या साइटना परवानगी दिली आहे ते बघा. आमच्या पिढीच्या आईवडिलांच्या फोनमध्ये मला तिथे हमखास दहा-बारा अनोळखी नावं सापडतात. कधीतरी घाईत ‘अनुमती द्या’ दाबलेलं असतं, आणि मग ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘बक्षीस लागलं आहे’ असली पत्रकं दिवसभर टपकत राहतात. त्यातलं एखादं दाबलं तर जाहिरात परवडली म्हणायची पाळी येते. ते आज संध्याकाळीच सगळं बंद करा, कुकीचं रविवारी निवांत बघितलंत तरी चालेल.